४६ नियम, त्यातले ४१ तिच्यासाठी

प्रश्न: आमची संस्था घरगुती हिंसेतून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी १२ खाटांचं निवारागृह सुरू करते आहे. कामकाजाच्या मानकांचा मसुदा तुम्हाला पाठवला आहे. त्यात काय राहिलं आणि काय जास्त झालं, ते मोकळेपणाने सांगावं.

उत्तर:

मसुदा दोनदा वाचला. एकदा संस्थेच्या विश्वस्ताच्या नजरेने, आणि एकदा रात्री अडीच वाजता दोन मुलं आणि एक पिशवी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईच्या नजरेने. विश्वस्तांना तो आवडेल. कलमं सुटसुटीत आहेत, भाषा चांगली आहे. बाईचं मात्र कठीण आहे. मी मोजलं: ४६ पैकी ४१ कलमं तिने कसं वागायचं ते सांगतात. संस्थेने काय करायचं ते पाच कलमांत आटोपलं आहे, आणि त्यातली दोन रजिस्टर कुठल्या कपाटात ठेवायचं याची आहेत.

मानकं वेगळी आणि घराचे नियम वेगळे. मानक म्हणजे संस्थेने स्वतःला घालून घेतलेली अट. फोन कोण उचलेल, जागा नसेल तर काय करू, तिची माहिती कुणाला देणार नाही, रात्री कामावर किती जणी असतील, तिची तक्रार कोण ऐकेल. अट मोडली तर जाब संस्थेला विचारता आला पाहिजे. तुमच्या ४१ कलमांतलं कुठलंही मोडलं तर जाब तिलाच द्यावा लागेल, आणि शिक्षा म्हणून कलम ३८ आहेच: 'त्वरित निष्कासन'. म्हणून दोन कागद करा. मानकांचा मोठा, नियमांचा एका पानाचा.

फोनपासून सुरू करते, कारण तो मसुद्यात नाहीच. 'प्रवेश कार्यालयीन वेळेत' एवढंच लिहिलंय. अमेरिकेत सेंट पॉलमधल्या बायकांनी १९७४ साली निवाऱ्याचं घर उघडलं, पण त्यांचं काम त्याआधी १९७२ साली एका फोनलाइनवर सुरू झालं होतं. तो क्रम मला अजूनही बरोबर वाटतो. बहुतेक बायकांची निवारागृहाशी पहिली भेट फोनवरच होते, आणि कितीतरी जणींची तेवढीच होते. फोन चोवीस तास प्रशिक्षित माणसाने उचलायचा, पहारेकऱ्याने नाही. पहिला प्रश्न: 'आत्ता बोलायला सुरक्षित आहे का?' दुसरा: 'मध्येच फोन कटला तर मी परत लावू, की नको?' हा दुसरा प्रश्न आम्ही आमच्या निवारागृहात फार उशिरा शिकलो. आमच्या एका नव्या मुलीने काळजीपोटी परत फोन लावला, आणि तो नवऱ्याने उचलला.

जागा भरलेली असेल तर 'जागा नाही' इथे संभाषण संपता कामा नये. दुसरीकडे कुठे सोय होते ते आपण शोधायचं, तिला चार नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही. आजची रात्र ती कुठे आणि कशी काढणार हे बोलून घ्यायचं. परत कधी बोलायचं ते तिनेच ठरवायचं. आणि परत पाठवलेल्या प्रत्येक फोनची कारणासह नोंद ठेवायची. वर्षाच्या शेवटी ही नोंद वाचा. तुमची मानकं खरी किती आणि कागदावरची किती, ते त्यात दिसतं. 'मुलगा १३ वर्षांचा', 'मनोविकाराची औषधं चालू', 'व्हीलचेअर', अशी तीनच कारणं पुन्हापुन्हा आली तर अडचण जागेची नाही.

किती जणींना घ्यायचं हा वाद पहिल्या दिवसापासूनचा आहे. लंडनमधल्या चिझिकमध्ये १९७१ साली एरिन पिझी यांनी जे घर उघडलं, त्याचं ब्रीदच कुणाला परत पाठवायचं नाही हे होतं. घर इतकं भरलं की गर्दीवरून खटला झाला. माझं मत विचाराल तर, आग लागली तर सगळ्यांना बाहेर पडता येईल या हिशेबाने खाटांचा आकडा ठरवा आणि तो पाळा. दार उघडं ठेवायचं असेल तर बाहेर पर्याय उभे करा: एक-दोन रात्रींसाठी ठरवून ठेवलेल्या खोल्या, शेजारच्या संस्थांशी लेखी करार. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या युरोप परिषदेच्या इस्तंबूल कराराच्या (२०११) स्पष्टीकरणात दर १०,००० लोकसंख्येमागे एका कुटुंबाची जागा असावी, अशी शिफारस आहे. ती तुमच्या एका घरासाठी नाही, पण प्रशासनाकडे जागा मागताना हाताशी असू द्या.

आता प्रवेश. मसुद्यात ओळखपत्र, पोलीस तक्रारीची प्रत, वैद्यकीय तपासणी आणि 'पतीशी समेटाचे प्रयत्न केल्याचा तपशील' हे सगळं आधी मागितलंय. चारही काढा. घरातून पळालेल्या बाईकडे कागद नसतात, कारण कागद तो लपवतो. तक्रार करायची की नाही हे ती चार दिवस झोपल्यावर ठरवेल, कदाचित ठरवणारही नाही. प्रवेशाला एकच अट पुरेशी आहे: तिला धोका आहे असं ती सांगते, आणि हे घर त्या धोक्यासाठी आहे.

समेटाबद्दल एक वाक्य मानकांतच घाला: ही संस्था त्या दोघांत मध्यस्थी करणार नाही. ज्या माणसाला एक बाजू घाबरते, त्याच्याशी टेबलावर बसून होणारी बोलणी बरोबरीची नसतात. इस्तंबूल करारातही अशी सक्तीची मध्यस्थी मना आहे.

प्रवेशाचा अर्ज सहा पानांचा आहे. तो एका बैठकीत भरून घेऊ नका. पहिल्या तासात फक्त हे बघा: तिला किंवा मुलांना दुखापत आहे का, कुठलं औषध चुकवून चालणार नाही, तिच्या मागावर आत्ता कुणी आहे का, आणि तिला झोप हवी आहे की बोलायचंय. बाकीचं उद्या.

धोक्याचा अंदाज मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत नीट घ्या, आणि नुसत्या अनुभवावर विसंबून घेऊ नका. माझा अनुभव मोठा आहे आणि तो चुकलेलाही आहे. परिचर्येच्या क्षेत्रातल्या संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८५ साली यासाठी प्रश्नावली तयार केली. तिची आताची आवृत्ती २० प्रश्नांची आहे, आणि सोबत कॅलेंडर भरायचं असतं: गेल्या वर्षभरात कधी आणि किती मारहाण झाली. हे कॅलेंडर भरताना बाई स्वतःच थबकते. 'कधीतरी होतं' असं म्हणणारी दर महिन्यात तीन-तीन खुणा करते, आणि त्या जवळजवळ येताना तिला दिसतात. बंदूक, मारून टाकायची धमकी, पाळत, आणि ती नुकतीच सोडून आलेली असणं, ही सगळी धोका वाढवणारी उत्तरं आहेत. ती तुमच्या दारात आल्याने धोका संपत नाही. बऱ्याचदा तो सर्वात जास्त असतो तो याच आठवड्यांत.

एका प्रश्नावर मी हटून बसते. 'गळा आवळला का?' असं विचारलं तर पुष्कळ जणी नाही म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात दोरी येते. 'त्याने कधी गळ्याला हात घातला का? मानेवर हात, गुडघा, उशी, काहीही? श्वास कोंडला का?' असं विचारा. मग हो येतं, आणि तेही 'अहो, तसं काही विशेष नाही, खूण पण नव्हती' अशा सुरात. खूण नसणं हे नेहमीचंच आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी असा गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक आढळली. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, मधला काही वेळ आठवत नाही का, तेव्हा नकळत लघवी झाली होती का, हे विचारा. घटना ताजी असेल तर ती बरी दिसत असली तरी डॉक्टरकडे न्या. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झालेली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात येऊ शकतो. हे मानक रात्रपाळीच्या माणसालासुद्धा पाठ हवं.

कलम ९, 'प्रवेशावेळी मोबाइल जमा करावा'. हेतू कळतो: पत्ता फुटू नये. आम्हीही पहिली काही वर्षं फोन कपाटात कुलूपबंद ठेवायचो. त्याने पत्ता फुटायचा थांबला नाही. एकदा पत्ता फुटला तो मुलाच्या खेळायच्या टॅबलेटवरून, कारण त्यातलं खातं वडिलांचं होतं. एकदा सामायिक बँक खात्यावरून, कारण तिने जवळच्या दुकानात कार्ड वापरलं आणि त्याच्या फोनवर दुकानाचं नाव गेलं. फोन कपाटात, आणि माग निघतोय दुसरीकडूनच. आता तर नाण्याएवढे ट्रॅकर मिळतात. अॅपलचे एअरटॅग २०२१ साली बाजारात आल्यापासून दप्तराचं अस्तर, खेळण्याचं पोट, गाडीचा बंपर हे सगळं तपासावं लागतं.

म्हणून मानक असं लिहा: प्रवेशानंतर लगेच प्रशिक्षित कर्मचारी तिच्यासोबत बसून तिचा फोन, मुलांची उपकरणं आणि सामान तपासेल. लोकेशन कुणाला दिसतं, खात्यात आणखी कुठलं उपकरण जोडलेलं आहे, कुटुंबाचं सामायिक खातं आहे का, पासवर्ड त्याला माहीत आहे का. एक सावधगिरी: पाळतीचं अॅप किंवा ट्रॅकर सापडला तर हात लावण्याआधी विचार करा. तो बंद पडला की नवऱ्याला कळतं, आणि तो पुरावाही असतो. कधी काढायचं, कुठे नेऊन काढायचं, आधी फोटो घ्यायचे का, हे तिच्याशी बोलून ठरवा. त्याच्या डोक्यात काय चालतं हे तिच्याइतकं तुम्हाला माहीत नाही. आणि फोन तिच्याकडेच राहू द्या. त्यात तिचे लोक आहेत, तिचे पैसे आहेत, आणि त्याने पाठवलेल्या धमक्या आहेत.

पत्ता गुप्त ठेवाच, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. दहा वर्षं चाललेल्या घराचा पत्ता रिक्षावाल्यांपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत असतो. नेदरलँड्समधल्या अल्कमारमध्ये २०११ साली 'ओरान्ये हुइस' नावाचं घर मुद्दामच पत्ता न लपवता सुरू झालं: दर्शनी इमारत, भक्कम सुरक्षा, आणि ज्यांचा धोका फार मोठा त्यांच्यासाठी गुप्त जागा वेगळी. सगळीकडे हे जमेल असं नाही. पण त्यातला प्रश्न घेण्यासारखा आहे: उद्या पत्ता फुटला तर आपल्याकडे काय आहे? दोन दारांमधली जागा, बाहेर बघणारा कॅमेरा, पोलिसांशी आधीच ठरलेला प्रतिसाद, रातोरात दुसरीकडे हलवायची सोय. याचं उत्तर मसुद्यात हवं.

सुरक्षेवरून कुलपाकडे येते. कलम २२ म्हणतं की रात्री मुख्य दाराला कुलूप आणि किल्ली अधीक्षिकेकडे. हे आजच खोडा. दार बाहेरून उघडता येऊ नये, पण आतून कुणालाही किल्लीशिवाय उघडता आलंच पाहिजे. आग लागली तर किल्ली शोधत कोण बसणार? खिडक्यांना पक्के गज असतील तर निदान एक तरी आतून उघडणारी ठेवा. रात्रीची कवायत करा, मुलांसकट. पहिल्या कवायतीत आम्हाला कळलं की जिन्याखाली ठेवलेल्या दान आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांनी वाटच बंद झाली होती. आणि ज्या बाईला आतून बाहेर पडता येत नाही, ती कोंडलेली आहे, मग कुलूप तिच्या भल्यासाठी का असेना.

माहितीबद्दल एकच उत्तर ठरवा आणि ते सगळ्यांना सारखं द्या: 'इथे कोण आहे किंवा नाही, हे आम्ही सांगत नाही.' तिच्या आईलाही, नगरसेवकालाही, ओळखीच्या पोलिसालाही, आणि ती खरोखर नसेल तेव्हाही. 'नाही, त्या नावाचं कुणी नाही' असं एकदा म्हणालात, की पुढच्या वेळी 'सांगत नाही' याचा अर्थ 'आहे' असा होतो. कायदेशीर आदेश आला तर तो कोण वाचेल आणि वकिलाला कोण विचारेल, त्याचं नाव लिहून ठेवा. तिची माहिती तिच्या लेखी संमतीनेच बाहेर जाईल: कुणाला, कशासाठी, किती दिवसांसाठी. सरसकट संमतीचा कोरा कागद पहिल्या दिवशी सही करून घ्यायची पद्धत आहे, ती संमती नव्हे.

फाइल जितकी आटोपशीर तितकी बरी. काय दिसलं, ती काय म्हणाली, आपण काय केलं, बस. 'रडवेली, सहकार्य करत नाही, मुलांकडे दुर्लक्ष' ही कर्मचाऱ्याची मतं फाइलमध्ये गेली, की उद्या मुलांच्या ताब्याच्या खटल्यात त्याचा वकील तीच वाचून दाखवेल.

आता घराचे नियम. सकाळी सहाला उठणं, प्रार्थना, रोज समुपदेशन सक्तीचं, बाहेर जाताना पास, साताच्या आत परत, रात्री नऊला हजेरी. प्रत्येक नियमापुढे लिहा की तो नसता तर नेमकं कुणाला काय झालं असतं. 'शिस्त राहते' हे उत्तर चालणार नाही. कलम १७ बघा: स्वयंपाकघर रात्री नऊनंतर बंद. अंगावर पाजणाऱ्या बाईला रात्री भूक लागते. दिवसभर भीतीने काही न खाल्लेलं मूल अकरा वाजता खायला मागतं. आमच्याकडे हा नियम होता तेव्हा चादरी बदलताना उशांखाली खाण्याच्या पुड्या सापडायच्या, आणि आम्ही मुंग्यांवरून बायकांना बोलायचो! स्वयंपाकघर उघडं केल्यावर पुड्या गेल्या.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या निवारागृहांनी नियम कमी करण्याचा ठरवून प्रकल्प केला. नियम गेले म्हणून घरं कोसळली नाहीत. अशा घरांना केंद्रीय निधी देणाऱ्या अमेरिकी कायद्यातही २०१० पासून स्पष्ट आहे की निवाऱ्यासाठी समुपदेशन किंवा इतर सेवा घेण्याची अट घालता येत नाही. समुपदेशन चांगलं असेल तर बायका आपणहून येतात. येत नसतील तर समुपदेशकाशी बोला.

काही नियम मी ठेवते, आणि त्यावर घासाघीस करत नाही. हिंसा नाही, मुलांना मारणं नाही, दुसरीची ओळख किंवा घराचा पत्ता बाहेर सांगायचा नाही, शस्त्र नाही. मुलांना मारण्याबद्दल थोडं सबुरीने घ्या. ज्या घरात फक्त मार हीच भाषा होती, तिथून आलेली आई पहिल्याच दिवशी दुसरी भाषा बोलणार नाही. नियम सांगा, आणि तिला दोन तास मूल सांभाळणारं कुणी द्या. नशेसाठी तपासणी नको. वागण्यावर बोला: जिन्यात पडून राहिली, आरडाओरडा केला, मुलाला एकटं सोडलं. औषधं अधीक्षिकेच्या कपाटात नकोत, प्रत्येकीला स्वतःचं कुलूपबंद कपाट द्या. काढून टाकायची वेळ आलीच तर कारण लेखी, निर्णय एकटीचा नाही, दाद मागायची जागा घराबाहेरची, रात्री कधीच नाही, आणि दुसरी सोय झाल्याशिवाय नाही.

मुलग्यांची वयोमर्यादा तुम्ही १० ठेवलीय. अकरा वर्षांच्या मुलाची आई त्याला बापाकडे सोडून येणार नाही. ती येणारच नाही. मोठ्या दालनापेक्षा कुटुंबागणिक एक खोली आणि जमेल तिथे स्वतंत्र न्हाणीघर असं बांधलंत तर हा प्रश्न निम्मा सुटतो. बांधकाम अजून व्हायचंय ना? मग नकाशाच बदला.

कर्मचाऱ्यांबद्दल मसुद्यात एकच ओळ आहे, 'सेवाभावी असावेत'. सेवाभावाने रात्रपाळी भरत नाही. रात्री एकटं कुणी नको. नेमणुकीआधी पूर्वइतिहास तपासा. काम सुरू करण्याआधी प्रशिक्षण द्या, आणि नंतर ठरलेल्या दिवशी बाहेरच्या अनुभवी व्यक्तीशी बोलायची सोय ठेवा, जी त्यांची वरिष्ठ नसेल. एखाद्या कर्मचारी बाईच्या स्वतःच्या घरी मारहाण होत असेल तर काय, हेही लिहा. असं होतं, आणि त्या सर्वात शेवटी बोलतात.

मुक्काम तुम्ही ९० दिवसांचा ठरवलाय. दिवस मोजण्याऐवजी ठरावीक काळाने तिच्यासोबत आढावा घ्या. घर, उत्पन्न, मुलांचा ताबा यांतलं काहीच हाती नसताना ९१व्या दिवशी ती कुठे जाणार हे तुम्हालाही माहीत आहे. आणि ती परत त्याच्याकडे गेली तर फाइलवर 'अपयश' लिहू नका. जाण्याआधी सुरक्षेची आखणी करा, नंबर पाठ करून घ्या, 'परत ये' असं सांगा.

अहवालात यश कशाने मोजायचं, असं तुम्ही शेवटच्या परिच्छेदात विचारलंय. क्रिस सलिव्हन आणि डेबोरा बायबी यांनी निवारागृहातून बाहेर पडलेल्या २७८ जणींवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. काही जणींसोबत प्रशिक्षित कार्यकर्ती दहा आठवडे, आठवड्याला काही तास होती: घर, नोकरी, शाळा, कोर्ट, जे त्या बाईला हवं ते मिळवायला. दोन वर्षांनी पाहिलं तर कार्यकर्ती मिळालेल्यांत साधारण चारातल्या एकीला या काळात एकदाही मारहाण झाली नव्हती, आणि इतरांत दहातल्या एकीला. म्हणजे फरक पडला तो बाहेर पडल्यानंतरच्या दहा आठवड्यांनी. तुमच्या अंदाजपत्रकात त्यासाठी शून्य आहे आणि प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी तरतूद आहे. कमानीचे पैसे तिकडे वळवा. गुप्त पत्त्यावर कमान नाहीतरी कशाला हवी?

उद्घाटनाआधी विश्वस्तांनी दोन रात्री त्या घरात राहावं, तुमच्याच ४१ नियमांनी. फोन जमा करून, नऊला हजेरी देऊन. नंतर पुढचा मसुदा लिहायला बसा, आणि तो मला पाठवा. त्यात मी आधी रात्रीच्या फोनचं वेळापत्रक शोधेन.